आयरिश पूर्वजांचा शोध : जळालेल्या दप्तरखान्यानंतर उरलेल्या नोंदी

आयर्लंड बेटाची आजची लोकसंख्या सुमारे ७० लाख आहे. मात्र एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक आपले मूळ आयरिश असल्याचे सांगतात. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि ब्रिटनमधील आयरिश वंशाचे लोक यात धरलेले नाहीत. १८४५ ते १८५२ या काळातील बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. पुढची अनेक दशके हे स्थलांतर चालूच राहिले. त्यामुळे ‘आपले पणजोबा आयर्लंडमधल्या नेमक्या कोणत्या गावचे?’ हा प्रश्न जगभरातल्या असंख्य घरांत विचारला जातो.

काहींसाठी हा केवळ कुतूहलाचा विषय असतो. काहींसाठी त्यावर नागरिकत्व अवलंबून असते. आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म आयर्लंड बेटावर झाल्याचे कागदोपत्री सिद्ध झाले, तर परदेशात जन्मलेल्या नातवंडाला आयरिश नागरिकत्वासाठी नोंदणी करता येते. दोन्ही प्रकारच्या लोकांना शोध सुरू करताच एकच वाक्य ऐकायला मिळते : ‘आयर्लंडची सगळी कागदपत्रे १९२२ मध्ये जळाली.’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. काय जळाले आणि काय उरले, हे समजले की शोधाची वाटही समजते.

१९२२ मध्ये नेमके काय जळाले?

डब्लिन शहरात लिफी नदीच्या काठी ‘फोर कोर्ट्स’ ही न्यायालयांची इमारत आहे. तिच्या आवारातच आयर्लंडचे सार्वजनिक अभिलेखागार होते. ब्रिटनशी झालेल्या कराराला विरोध असलेल्या सशस्त्र गटाने एप्रिल १९२२ मध्ये या आवाराचा ताबा घेतला. २८ जून रोजी नव्या आयरिश सरकारच्या सैन्याने तोफांचा मारा सुरू केला आणि यादवी युद्धाला तोंड फुटले. ३० जून रोजी झालेला प्रचंड स्फोट आणि त्यानंतरची आग यांत अभिलेखागाराचे भांडार भस्मसात झाले. सुमारे सातशे वर्षांची कागदपत्रे काही तासांत गेली. जळके कागद वाऱ्याबरोबर शहरभर उडत होते.

वंशावळीच्या दृष्टीने त्यातले तीन संग्रह सर्वांत महत्त्वाचे होते. पहिला, १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे मूळ तक्ते. त्यांतले काही मोजके तुकडेच वाचले. दुसरा, १९०० पूर्वीची बहुतेक सर्व मूळ मृत्युपत्रे. तिसरा, ‘चर्च ऑफ आयर्लंड’ या प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून अधिक पॅरिशची बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची पुस्तके.

सर्व दोष आगीचा मात्र नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे मूळ कागद आकडेवारी तयार झाल्यावर सरकारनेच नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करण्यासाठी दिले गेले. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या आठ जनगणनांपैकी एकही पूर्ण स्वरूपात शिल्लक नाही. त्यांतल्या चार आगीपूर्वीच संपल्या होत्या.

मग उरले काय?

जे कागद त्या इमारतीत कधी पोहोचलेच नव्हते, ते वाचले. यातला सर्वांत मोठा साठा कॅथलिक चर्चच्या नोंदवह्यांचा आहे.

प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंड हे दीर्घकाळ राजमान्य चर्च होते. १८६९ च्या कायद्याने त्याचा तो दर्जा काढून घेतला गेला आणि नंतर त्याच्या जुन्या नोंदवह्या सार्वजनिक दस्तऐवज ठरवून डब्लिनला जमा करण्याचा नियम झाला. ज्या पॅरिशकडे वह्या सुरक्षित ठेवण्याची सोय होती, त्यांना त्या जवळ ठेवण्याची मुभा मिळाली. बहुसंख्य जनतेच्या कॅथलिक चर्चच्या वह्यांना मात्र सरकारी दस्तऐवजाचा मान कधीच मिळाला नव्हता. त्या गावोगावच्या पाद्र्यांच्या कपाटांतच राहिल्या आणि म्हणूनच आगीतून सुटल्या.

जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी स्वतंत्र कार्यालयाकडे होती. १९०१ आणि १९११ च्या जनगणनांचे कागदही फोर कोर्ट्सबाहेरच होते. जमिनीचे खरेदीखत, गहाणखत, भाडेपट्टे यांचे सारांश नोंदवणारे ‘रजिस्ट्री ऑफ डीड्स’ हे कार्यालय १७०८ पासून वेगळ्या जागी चालत होते. जमिनीच्या कराची पुस्तके, खालच्या न्यायालयांच्या वह्या, शाळांचे हजेरीपट, जमीनदारांची खासगी दप्तरे हेही इतरत्र विखुरलेले होते. आयरिश वंशावळीचा शोध म्हणजे या विखुरलेल्या तुकड्यांची एकमेकांशी जुळणी.

पहिली पायरी : गाव शोधणे

या कामात आडनावापेक्षा ठिकाण जास्त महत्त्वाचे असते. मर्फी, केली, सलिव्हन, वॉल्श अशी आडनावे हजारो घरांत आढळतात. कॉर्क परगण्यात एकाच वर्षी जन्मलेले ‘जॉन सलिव्हन’ ढिगाने सापडतात. त्यांतला आपला कोणता, हे ठिकाणावरूनच ठरते.

आयर्लंडची विभागणी चार प्रांत आणि ३२ परगणे अशी आहे. परगण्याला तिथे काउंटी म्हणतात. त्याखाली बॅरनी, मग नागरी पॅरिश आणि सर्वांत खाली ‘टाउनलँड’ येते. नावात ‘टाउन’ असले तरी टाउनलँड म्हणजे शहर नव्हे. ते आपल्याकडच्या वाडी किंवा शिवारासारखे जमिनीचे सर्वांत लहान एकक असते आणि त्यात चार-पाच घरेही असू शकतात. बेटावर अशी ६० हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. ‘बॅली’, ‘किल’, ‘नॉक’ यांसारख्या शब्दांनी सुरू होणारी अनेक नावे वेगवेगळ्या परगण्यांत पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे टाउनलँडसोबत पॅरिश आणि परगणाही माहीत असावा लागतो.

आणखी एक घोळ इथेच होतो. नागरी पॅरिश आणि कॅथलिक पॅरिश यांच्या सीमा वेगळ्या असतात आणि बऱ्याचदा नावेही वेगळी असतात. जमिनीच्या नोंदी नागरी पॅरिशनुसार लावलेल्या असतात, तर बाप्तिस्म्याच्या नोंदी कॅथलिक पॅरिशनुसार. १८६४ नंतरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींसाठी तिसरीच विभागणी वापरली गेली. ती ‘पुअर लॉ युनियन’ या गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागांवर आधारलेली होती. एकच घर या तिन्ही पद्धतींत तीन वेगळ्या नावांखाली सापडू शकते.

गावाचे नाव बहुतेक वेळा आयर्लंडमध्ये मिळत नाही. ते पूर्वज जिथे जाऊन स्थायिक झाले त्या देशात शोधावे लागते. अमेरिकेतील जुन्या जनगणनेत आणि जहाजांच्या प्रवासी याद्यांत जन्मस्थानापुढे बहुधा फक्त ‘आयर्लंड’ एवढेच असते. त्याऐवजी थडग्यावरचा मजकूर, वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी, चर्चमधली विवाहनोंद यांत परगणा आणि पॅरिश सापडण्याची शक्यता अधिक असते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्स इथल्या मृत्यूच्या दाखल्यांत आई-वडिलांची नावे आणि जन्मस्थान यांसाठी वेगळे रकाने होते.

दोन अमेरिकी साधने विशेष उपयोगी आहेत. न्यूयॉर्कच्या ‘एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक’ या १८५० मध्ये सुरू झालेल्या बँकेने खातेदाराची ओळख पटवण्यासाठी त्याचे जन्मगाव, नातेवाईक, कोणत्या जहाजाने आला अशी माहिती लिहून ठेवली होती. बॉस्टनच्या ‘पायलट’ या साप्ताहिकात १८३१ ते १९२१ अशी ९० वर्षे हरवलेल्या आप्तांचा ठावठिकाणा विचारणाऱ्या जाहिराती येत. भाऊ, नवरा किंवा मुलगा ओळखता यावा म्हणून त्यांत त्याचे मूळ गाव आणि पॅरिश दिलेले असे. ताटातूट झालेल्या कुटुंबांची ती अगतिक विचारणा आज वंशजांसाठी पत्त्याचे काम करते.

१९०१ आणि १९११ ची जनगणना

ठिकाणाचा अंदाज आला की अलीकडून मागे जायचे असते. आयर्लंडच्या शाबूत असलेल्या सर्वांत जुन्या संपूर्ण जनगणना १९०१ आणि १९११ च्या आहेत. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध केल्या आहेत. बेटाच्या सर्व ३२ परगण्यांचा त्यांत समावेश आहे, म्हणजे आजचे उत्तर आयर्लंडही.

घरातल्या प्रत्येकाचे नाव, कुटुंबप्रमुखाशी नाते, धर्म, वय, व्यवसाय, साक्षरता, जन्माचा परगणा आणि आयरिश भाषा येते की नाही, हे त्यात दिसते. घराच्या भिंती कशाच्या, छप्पर गवताचे की पक्के, खोल्या किती आणि समोरच्या बाजूला खिडक्या किती, याचा वेगळा तक्ता असतो. १९११ मध्ये विवाहित स्त्रियांना लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले जन्मली आणि त्यांतली किती हयात आहेत, असेही विचारले होते. ‘जन्मलेली ११, हयात ६’ अशी एखादी नोंद त्या घराबद्दल बरेच काही सांगून जाते. शिवाय पाच मुलांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी अजून शोधायच्या आहेत, हेही त्यावरून कळते.

वयावर मात्र विश्वास ठेवता येत नाही. १९०१ मध्ये ५६ वर्षांची असलेली व्यक्ती १९११ मध्ये ७१ वर्षांची झालेली अनेक घरांत दिसते. यामागे जानेवारी १९०९ पासून सुरू झालेले वृद्धापकाळ निवृत्तिवेतन आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्या गरजूंना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळत. अनेकांना स्वतःचे वय नक्की ठाऊक नव्हते आणि पाच शिलिंगांचा मोह किंवा गरजही होतीच.

या योजनेने वंशावळीच्या अभ्यासकांवर एक उपकार करून ठेवला. अर्जदारांचा जन्म सरकारी नोंदणी सुरू होण्याआधीचा असल्यामुळे त्यांच्याकडे दाखला नसे. मग सरकारी कर्मचारी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत त्या कुटुंबाचा शोध घेऊन मिळालेली माहिती अर्जावर उतरवत. मूळ जनगणना पुढे जळाली, पण हे शोध-अर्ज उरले. जळालेल्या तक्त्यांतली हजारो कुटुंबे आज केवळ या अर्जांमुळे दिसतात.

१९२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्धामुळे जनगणना झालीच नाही. पुढची जनगणना १८ एप्रिल १९२६ रोजी २६ परगण्यांच्या नव्या राज्यात झाली. जनगणनेचे वैयक्तिक तपशील शंभर वर्षे गोपनीय ठेवण्याच्या नियमानुसार तिची मुदत एप्रिल २०२६ मध्ये पूर्ण होते.

जन्म, विवाह आणि मृत्यूची सरकारी नोंद

आयर्लंडमध्ये कॅथलिक वगळता इतरांच्या विवाहांची सरकारी नोंद १ एप्रिल १८४५ पासून, तर सर्वधर्मीयांच्या जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. आयरिश सरकारच्या वंशावळविषयक संकेतस्थळावर या मूळ नोंदींची छायाचित्रे पैसे न भरता पाहता येतात. गोपनीयतेसाठी १०० वर्षांपूर्वीचे जन्म, ७५ वर्षांपूर्वीचे विवाह आणि ५० वर्षांपूर्वीचे मृत्यू एवढेच खुले असतात. उत्तर आयर्लंडच्या सहा परगण्यांसाठी बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाचे वेगळे संकेतस्थळ आहे. तिथे शुल्क द्यावे लागते.

जन्माच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव असते. विवाहाच्या नोंदीत वधू-वर दोघांच्या वडिलांची नावे आणि व्यवसाय असतात. म्हणून एक विवाहनोंद सापडली की एकदम आणखी एक पिढी मागे जाता येते. मृत्यूच्या नोंदीत मात्र आई-वडिलांची नावे नसतात. तिथे उपयोगी पडते ते मृत्यूची खबर देणाऱ्याचे नाव, कारण ती व्यक्ती बहुधा मुलगा, सून किंवा शेजारी असते.

सुरुवातीच्या वर्षांत बऱ्याच घटना नोंदवल्याच गेल्या नाहीत. उशिरा नोंद केल्यास दंड होई, म्हणून पालक जन्मतारीख पुढची सांगत. त्यामुळे मुलाचा बाप्तिस्मा त्याच्या ‘जन्मा’आधी झालेला दिसणे ही आयरिश नोंदींतली नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी चर्चची तारीख अधिक भरवशाची मानली जाते.

चर्चच्या वह्या

१८६४ च्या मागे जायचे तर कॅथलिक कुटुंबांसाठी पॅरिशच्या वह्या हाच मुख्य आधार आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने गेल्या शतकाच्या मध्यात गावोगावी जाऊन या वह्यांच्या सूक्ष्मफिती तयार केल्या. जुलै २०१५ मध्ये सुमारे १,०८६ पॅरिशच्या ३ लाख ७० हजारांहून अधिक पानांच्या प्रतिमा इंटरनेटवर विनामूल्य खुल्या झाल्या. त्या साधारण १८८० पर्यंतच्या आहेत.

बाप्तिस्म्याच्या नोंदीत तारीख, मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे नाव आणि धर्मपिता-धर्ममाता यांची नावे असतात. काही पाद्री टाउनलँडही लिहीत. धर्मपिता-धर्ममाता बहुधा काका, मामा, मावशी किंवा आत्या असत. एकाच जोडप्याच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे एकत्र मांडले, की या नावांतून दोन्हीकडचे नातेवाईक हळूहळू दिसू लागतात.

अनेक वह्या लॅटिनमध्ये आहेत. जेम्सचा ‘जेकबस’, विल्यमचा ‘गुलिएल्मस’, जॉनचा ‘जोआनेस’, ओवेनचा ‘युजेनियस’ होतो. लॅटिन येत नसले तरी अडत नाही. अशी वीस-पंचवीस नावे आणि दहाबारा शब्द पुरतात. खरी अडचण हस्ताक्षराची, ओल लागलेल्या पानांची आणि मधल्या गायब वर्षांची असते.

वह्या किती जुन्या, हे प्रदेशावर ठरते. अठराव्या शतकात कॅथलिक धर्मावर कायदेशीर निर्बंध होते, त्यामुळे व्यवस्थित नोंदी ठेवणे अवघड होते. डब्लिन आणि पूर्वेकडच्या काही शहरांत अठराव्या शतकातल्या वह्या मिळतात. पश्चिमेकडच्या मेयो, गॉलवे, डोनेगल अशा गरीब परगण्यांत बऱ्याच ठिकाणी त्या १८२० नंतर, काही ठिकाणी तर दुष्काळानंतरच सुरू होतात.

प्रोटेस्टंट कुटुंबांच्या बाबतीत पॅरिशने वह्या डब्लिनला पाठवल्या होत्या की नाही, यावर सारे अवलंबून असते. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या आईकडचे एक पूर्वज फॅल्मथ कर्नी हे १८५० मध्ये आयर्लंडहून अमेरिकेत गेले. ते ऑफली परगण्यातील मनीगॉल या खेड्यातल्या चर्मकाराचे पुत्र होते, हे जुळले ते तिथल्या चर्च ऑफ आयर्लंडच्या टिकून राहिलेल्या वह्यांमुळे. मे २०११ मध्ये ओबामांनी त्या गावाला भेट दिली.

जमिनीची पुस्तके : जनगणनेची जागा घेणारी साधने

एकोणिसाव्या शतकातल्या जनगणना गेल्यामुळे करवसुलीसाठी केलेल्या दोन याद्यांना फार महत्त्व आले.

पहिली ‘ग्रिफिथ मूल्यांकन’. सर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली संपूर्ण बेटावरील जमीन आणि घरांचे करासाठी मूल्य ठरवण्यात आले. त्याचे खंड १८४७ ते १८६४ या काळात परगण्यामागून परगणा असे छापले गेले. प्रत्येक टाउनलँडमध्ये जमीन कोण कसतो, ती त्याला कोणी खंडाने दिली, क्षेत्र किती आणि मूल्य किती, हे त्यात आहे. सुमारे दहा लाख नावांची ही यादी आज नकाशांसह विनामूल्य पाहता येते. नावाशेजारचा क्रमांक नकाशावर शोधला की पूर्वजांचे शेत आणि घर कुठे होते, तेही दाखवता येते.

एका टाउनलँडमध्ये एकाच नावाची दोन कुळे असली, तर कारकून कंसात वडिलांचे नाव लिहीत. ‘सलिव्हन, जॉन (डॅनियल)’ म्हणजे डॅनियलचा मुलगा जॉन. स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावणाऱ्या मराठी वाचकाला हे सहज समजेल. मूल्यांकनानंतर जमिनीचा ताबा बदलला की दुरुस्तीच्या वह्यांत वेगळ्या रंगाच्या शाईने खाडाखोड केली जाई. त्यावरून बापाकडून मुलाकडे शेत केव्हा गेले किंवा कुटुंब केव्हा परागंदा झाले, याचा अंदाज येतो.

दुसरी यादी दशांश कराची. चर्च ऑफ आयर्लंडच्या खर्चासाठी शेतकऱ्यांकडून, मग ते कोणत्याही पंथाचे असोत, दशांश कर घेतला जाई. कॅथलिक शेतकऱ्यांना तो जाचक वाटे आणि त्यावरून १८३० च्या दशकात मोठा संघर्षही झाला. या करासाठी १८२३ ते १८३७ या काळात तयार केलेली पुस्तके दुष्काळाच्या आधीची असल्याने मोलाची आहेत.

दोन्ही याद्यांची मर्यादा एकच. त्यांत फक्त जमीन किंवा घर ज्याच्या नावावर होते, त्या कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. बायका-मुले, भूमिहीन मजूर, दुसऱ्याच्या घरात राहणारे यांचा पत्ता नाही. दशांश कराच्या यादीत शहरेही नाहीत. दुष्काळात सर्वांत जास्त मेले ते भूमिहीनच, आणि कागदावर सर्वांत कमी दिसतात तेही तेच.

अनपेक्षित ठिकाणच्या नोंदी

‘पेटी सेशन्स’ या खालच्या न्यायालयांच्या वह्या १८५१ पासून उपलब्ध आहेत. रस्त्यावर गुरे सोडणे, दारू पिऊन गोंधळ घालणे, शेजाऱ्याशी बांधावरून भांडणे अशा किरकोळ खटल्यांत अर्जदार, आरोपी आणि साक्षीदार यांची नावे आणि टाउनलँड लिहिलेली असतात. १८६६ पासून कुत्रा पाळण्यासाठी परवाना सक्तीचा झाला. मालकाचे नाव, टाउनलँड आणि कुत्र्याचा रंग-जात लिहिलेल्या या वह्या टिकल्या आहेत. मेंढपाळ किंवा छोटा शेतकरी इतर कुठे सापडला नाही, तरी तो कुत्र्याच्या परवान्यात सापडतो आणि अमुक वर्षी अमुक ठिकाणी हयात होता, एवढे नक्की होते.

त्याहून मागे गेल्यास १७९६ ची जवस पिकवणाऱ्यांची यादी आहे. तागासारख्या धाग्यासाठी जवस लावणाऱ्यांना सरकारने चरखे बक्षीस दिले होते. त्या यादीत सुमारे ६० हजार नावे आहेत आणि त्यांतली बरीचशी उत्तरेकडची आहेत.

नावांचे कोडे

आयरिश आडनावातला ‘मॅक’ म्हणजे मुलगा आणि ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज. इंग्रजी राजवटीत अनेकांनी हे उपसर्ग टाकून दिले आणि राष्ट्रीय चळवळीच्या काळात पुन्हा लावले. एकच माणूस बाप्तिस्म्यात ‘रायली’ आणि मृत्यूच्या नोंदीत ‘ओ’रायली’ असू शकतो. काही नावांचे भाषांतर झाले. ‘मॅक गवन’ म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हन परगण्यात त्यांतले अनेक जण ‘स्मिथ’ झाले. लिहिणारा कारकून कानाला ऐकू आले तसे लिही, त्यामुळे एकाच स्पेलिंगवर अडून बसणाऱ्याला अर्ध्या नोंदी सापडत नाहीत.

पहिल्या नावांत एक रूढी उपयोगी पडते. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, पहिल्या मुलीला आईच्या आईचे आणि दुसरीला वडिलांच्या आईचे नाव ठेवण्याची पद्धत अनेक घरांत होती. तिच्यावरून आजोबांच्या नावाचा अंदाज बांधता येतो. तो अंदाजच असतो, पुरावा नव्हे.

सारख्या नावाचा सापळा : ॲनी मूरची गोष्ट

नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, असे मानल्याने काय होते याचे प्रसिद्ध उदाहरण ॲनी मूर हिचे आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचे एलिस आयलंड हे स्थलांतरितांचे केंद्र उघडले आणि तिथे नोंद झालेली पहिली व्यक्ती होती कॉर्कहून दोन धाकट्या भावांसोबत आलेली ॲनी. पुढे ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये ट्रामच्या धडकेत मरण पावली, असे अनेक वर्षे पुस्तकांत आणि समारंभांत सांगितले जात होते. टेक्सासमधल्या कुटुंबाचाही त्यावर प्रामाणिक विश्वास होता.

वंशावळतज्ज्ञ मेगन स्मोलेन्याक यांनी मूळ कागद तपासले, तेव्हा टेक्सासच्या ॲनी मूरचा जन्म अमेरिकेतच, इलिनॉय राज्यात झाल्याचे दिसले. मग खऱ्या ॲनीचा शोध घेण्यात आला आणि २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला. खरी ॲनी न्यूयॉर्कच्या गजबजलेल्या लोअर ईस्ट साइड भागातच राहिली, तिथेच तिने लग्न केले, तिची अनेक मुले लहानपणी दगावली आणि १९२४ मध्ये ती वारली. क्वीन्समधल्या दफनभूमीत तिच्या कबरीवर दगडही नव्हता. तो २००८ मध्ये बसवण्यात आला. जगप्रसिद्ध व्यक्तीबाबत अशी गल्लत होऊ शकते, तर सामान्य घरातल्या ‘मेरी केली’बाबत ती सहज होते. म्हणून ठिकाण, आई-वडील, भावंडे आणि तारखा यांपैकी किमान दोन-तीन गोष्टी स्वतंत्र नोंदींतून जुळल्याशिवाय वंशवृक्षात नाव चढवायचे नाही, असा या क्षेत्रातला दंडक आहे.

भारतात आलेले आयरिश

सगळे आयरिश अमेरिकेला गेले नाहीत. १८३० च्या सुमारास ब्रिटिश लष्करातले सुमारे ४० टक्के सैनिक आयरिश होते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या पलटणींतही त्यांचा मोठा भरणा होता. कंपनीच्या मुंबई आणि मद्रास इलाख्यांतील जुन्या युरोपीय पलटणींमधूनच १८८१ मध्ये ‘रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स’ ही पलटण तयार झाली. पुणे, खडकी, देवळाली अशा छावण्यांतून ब्रिटिश पलटणींचा मुक्काम असे. त्यांतल्या काहींनी इथेच लग्ने केली आणि त्यांचे वंशज अँग्लो-इंडियन समाजात मिसळले.

अशा कुटुंबांसाठी सुरुवात तुलनेने सोपी असते. बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांतल्या चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या ‘इंडिया ऑफिस’ संग्रहात आहेत. सैनिकाच्या भरतीच्या आणि निवृत्तीच्या कागदांत त्याचे जन्मस्थान पॅरिश, जवळचे शहर आणि परगणा अशा क्रमाने लिहिले जाई. अमेरिकेला गेलेल्याच्या वंशजाला जी माहिती वर्षानुवर्षे मिळत नाही, ती सैनिकाच्या वंशजाला एका कागदावर मिळू शकते.

किती मागे जाता येते?

सामान्य कॅथलिक शेतकरी कुटुंबाचा माग बहुतेक वेळा १८०० ते १८३० च्या दरम्यान थांबतो. जमीनदार, व्यापारी आणि वकील घराणी रजिस्ट्री ऑफ डीड्सच्या आधारे अठराव्या शतकात जाऊ शकतात. जुन्या गेलिक सरदार घराण्यांच्या वंशावळी मध्ययुगापर्यंत जातात, पण आजच्या ‘ओ’ब्रायन’ आडनावाच्या माणसाला अकराव्या शतकातल्या ब्रायन बोरू राजापर्यंत कागदोपत्री साखळी जोडता येणे दुर्मीळ आहे. डीएनए चाचणीने दूरचे नातेवाईक सापडतात आणि दोन शाखा जोडल्या जातात. त्या नात्यातला समान पूर्वज कोण होता, हे मात्र पुन्हा कागदांवरूनच ठरवावे लागते.

जळालेल्या अभिलेखागाराची उभारणीही चालू आहे. तिथले अधिकारी हर्बर्ट वुड यांनी १९१९ मध्ये भांडारातल्या दस्तऐवजांची सूची पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली होती. तीन वर्षांनी भांडार जळाले आणि काय गेले, हे सांगणारी ती सूची उरली. तिच्या आधारे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने इतर देशांतल्या अभिलेखागारांत आणि खासगी संग्रहांत असलेल्या नकला, उतारे, भाषांतरे गोळा करण्यात आली. जून २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे होताना, ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ या नावाने हे आभासी अभिलेखागार सर्वांसाठी विनामूल्य खुले झाले. त्यात नव्या नकलांची भर पडत असते. त्यामुळे काही वर्षांपूर्वी ‘पुढे काही मिळत नाही’ म्हणून थांबवलेला शोध पुन्हा एकदा तपासून पाहण्यात अर्थ असतो.